दोन्ही हातांचं माप: हाताची सूज टेपने, पाण्याने आणि मशीनवर कशी मोजायची

मी इचलकरंजीत गेली सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवते. दिवसाला पाच-सहा बायकांचा दंडघेर माझ्या टेपखालून जातो. तरी माझ्याच उजव्या हाताला सूज आलीय हे मला टेपने नाही, ब्लाऊजने सांगितलं. टू बाय टूचं कापड ताणत नाही. एका संध्याकाळी ब्लाऊज काढला तर उजव्या दंडावर शिवणीची रेघ उमटली होती, डाव्यावर काही नव्हतं. दोन्ही बाह्या एकाच मापाच्या, मीच कापलेल्या. मग बांगड्या आठवल्या. उजव्या हातात त्या महिनाभर साबण लावून चढत होत्या आणि मी म्हणत होते, वय झालं, हाडं रुंदावली.

२०२१ साली माझ्या उजव्या स्तनाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या चौदा गाठी काढल्या, मग किमो, मग पंधरा लाईट. (रेडिएशनला आमच्याकडे लाईटच म्हणतात.) काखेतल्या गाठी म्हणजे हातातल्या पेशींभोवतीचं पाणी परत रक्तात नेणाऱ्या वाटेवरची नाकी. ती काढली की पाणी अडू शकतं. याला लिम्फएडेमा म्हणतात. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या बायकांत साधारण पाचांत एकीला तो होतो. नुसत्या एक-दोन पहारेकरी गाठी (कॅन्सर पसरला तर ज्यांच्यात आधी पोचतो त्या) काढून तपासल्या असतील तर खूप कमी. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनीही येतो, आणि सुरुवातीला सापडला तर आटोक्यात ठेवता येतो. म्हणून मोजायचं.

मी डॉक्टर नाही. पण माप घेणं हा माझा धंदा आहे, आणि धंद्यातल्या सवयींनीच मला यात कसं फसवलं ते सांगते.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी विचारलं, "काकी, ऑपरेशनच्या आधीचं हाताचं माप आहे का तुमच्याकडे?" मी फुशारकीने म्हटलं, आहे की, मापाच्या वहीत आहे. घरी येऊन बघितलं: दंडघेर साडेअकरा. एवढंच. कुठल्या हाताचा? आम्ही एकाच हाताचं माप घेतो, दुसरा तसाच धरतो. दंडाच्या नेमक्या कुठल्या जागी? माहीत नाही. आणि त्यात सैल धरलेला किती? तेही नाही. सव्वीस वर्षांचा अनुभव, आणि स्वतःच्या हाताचं एक वापरता येईल असं माप नाही. म्हणून ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी पुढचं सगळं नंतर वाचलं तरी चालेल, पण दोन्ही हातांची मापं आधी, आज घ्या. ती संधी परत येत नाही.

टेपने मोजायचं असेल तर पहिल्यांदा टेप तपासा. गळ्यात अडकवून सहा वर्षं वापरलेला टेप लांबतो. स्टीलच्या पट्टीला लावून बघा, ५० सेंटिमीटरची रेघ ५० वर येते का. माझा जुना टेप अर्धा सेंटिमीटर पुढे जात होता. लक्षात घ्या, लांबलेला टेप माप कमी दाखवतो, म्हणजे सूज लपवतो. टोकाची पितळी पट्टी निघाली असेल तर १० पासून मोजून १० वजा करा, किंवा सरळ वीस-तीस रुपये खर्चून नवा फायबरचा टेप घ्या. आणि इंच विसरा. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर. ब्लाऊजमध्ये ते खपून जातात, इथे सहा मिलिमीटर ही मोठी बातमी असते.

खुणा कशा करायच्या? मनगटाच्या बाहेरच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत, एक हाड उंच दिसतं. ते शून्य. तिथून वर दर ४ सेंटिमीटरला एक खूण, ४० पर्यंत. कातडीवर खडू टिकत नाही, स्केचपेन घ्या. मी यासाठी ड्राफ्टिंगच्या खाकी कागदाची दोन बोटं रुंद, ४० सेंटिमीटर लांब पट्टी कापली आणि तिच्या कडेला दर ४ सेंटिमीटरवर कात्रीने चिमटा मारला, बाहीला मारतो तसा. पट्टी हाडाला टेकवायची, हातावर सरळ झोपवायची, चिमट्याशी ठिपका द्यायचा. दोन मिनिटांत अकरा ठिपके, आणि दर महिन्याला अगदी त्याच जागी. दुसऱ्या हातालाही तीच पट्टी.

हात टेबलावर, कोपर सरळ, तळवा खाली, मुठी सैल. उभं राहून हात लोंबता ठेवून मोजू नका. एकट्याने स्वतःचं माप नीट येत नाही. एका हाताने टेप गुंडाळताना तो हमखास तिरका जातो. माझी सून मोजते. दर वेळी तीच मोजते हे महत्त्वाचं, कारण तिची ओढ एकसारखी असते. टेप हाताला काटकोनात, टेपची खालची कड ठिपक्याला. कातडीला नुसता टेकेल, खड्डा पडणार नाही, इतपत.

इथेच माझी पहिली दोन महिन्यांची मापं वाया गेली. पहिले दोन महिने सून माहेरी होती, मी डाव्या हाताने उजवा मोजत होते, आणि सवयीने टेपखाली दोन बोटं घालत होते. ब्लाऊज अंगाला काचू नये म्हणून आम्ही दोन बोटांची ढील ठेवतो. दोन बोटांनी घेर तीन-साडेतीन सेंटिमीटरने वाढतो. उलट डावा हात मोजायला उजव्याची बोटं आखडलेली, म्हणून तिकडे ढील नाही. मॅडमनी वही बघितली आणि म्हणाल्या, "एवढी सूज असती तर मला दारातून दिसली असती."

मापं झाली की दोन्ही हातांचे आकडे शेजारी मांडा. कुठल्याही एका ठिकाणी दोन हातांत २ सेंटिमीटरचा फरक दिसला तर तो धोक्याचा इशारा, असा जुना ठोकताळा आहे. मला तो पटत नाही. १६ सेंटिमीटरच्या मनगटाला २ सेंटिमीटर वाढले म्हणजे आतलं मांस-पाणी चौथ्या हिश्शाहून जास्त वाढलं. ३६ च्या दंडाला तेच दोन सेंटिमीटर वाढले तर वाढ अकरा-बारा टक्केच. घेर सारखा वाढतो, पण पोट सारखं वाढत नाही, हे पिशव्या शिवणाऱ्या कुणालाही कळेल. म्हणून घेरावरून घनफळ काढायचं. लगतच्या दोन ठिपक्यांमधला हात म्हणजे टोक कापलेला शंकू. पहिल्या घेराचा वर्ग, दुसऱ्याचा वर्ग आणि दोघांचा गुणाकार, तिन्हींची बेरीज. तिला ४ ने गुणा, ३७.७ ने भागा. मनगटाला १६ आणि चार सेंटिमीटर वर १८ असेल तर २५६ अधिक ३२४ अधिक २८८, म्हणजे ८६८. गुणिले ४, भागिले ३७.७, झाले ९२ मिलिलिटर. असे दहा तुकडे, मग बेरीज. नातवाने मोबाईलवर तक्ता करून दिलाय, मी नुसते घेर भरते.

माझी पहिली खरी बेरीज: डावा १७९० मिलिलिटर, उजवा १९२५. फरक १३५, म्हणजे साडेसात टक्के. १० टक्क्यांच्या वर फरक गेला की सूज पक्की धरतात. ५ ते १० च्या मधली ती दबा धरून बसलेली. पण मी उजव्या हाताने कात्री चालवते, आणि कामाचा हात बहुतेकांचा थोडा मोठा असतो. माझ्या साडेसातातले जन्माचे किती आणि सुजेचे किती? हे फक्त ऑपरेशनआधीच्या मापाने सांगता आलं असतं. साडेअकरा, एवढंच. असो.

आता पाण्याची पद्धत. ही सगळ्यांत जुनी, आणि बाकीच्या पद्धती हिच्याशी ताडून बघतात. काठोकाठ भरलेल्या भांड्यात हात बुडवायचा, जेवढं पाणी सांडेल तेवढा हात. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. मला याचा मोह आवरला नाही. दळणाचा डबा घेतला तर हात कोपरापर्यंतच गेला. शेवटी भाच्याने सहा इंची पीव्हीसी पाईपचा अडीच फुटी तुकडा खाली टोपण चिकटवून आणून दिला. तो मोठ्या घमेल्यात उभा केला, कोमट पाण्याने भरला, वरचं पाणी सांडायचं थांबेपर्यंत वाट पाहिली, मग घमेलं पुसून कोरडं केलं. स्टुलावर बसून हात हळूहळू ४० च्या ठिपक्यापर्यंत. घाईने घातला की पाणी उसळतं आणि शंभर ग्रॅम फुकट वाढतात. थेंब थांबले की हात तसाच ठेवायचा, कुणीतरी पाईप धरायचा आणि कुणीतरी घमेलं बाजूला घ्यायचं. तिघं लागतात. घमेल्यातलं पाणी कोपऱ्यावरच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर: डावा २ किलो ११०, उजवा २ किलो २५५.

टेपच्या बेरजेपेक्षा दोन्ही तीनशेच्या आसपास जास्त, कारण पाण्यात पंजाही मोजला गेला. म्हणून एका महिन्यात टेप आणि दुसऱ्यात पाणी असं करून तुलना करू नका. जी पद्धत धराल तीच शेवटपर्यंत. हाताला जखम, टाके, चट्टा असेल तर पाण्याच्या वाटेला जाऊ नका. आणि खरं सांगू का, हौस म्हणून ठीक आहे. दर महिन्याला तीन माणसं आणि ओलं घर परवडत नाही. पाईपमध्ये आता गॅलरीतला लाकडी गज उभा असतो.

मशीनवरची मोजणी मी पुण्याला भाचीकडे गेले तेव्हा केली. तिचं नाव बायोइम्पिडन्स. अनवाणी पायांनी पोलादी पट्ट्यांवर उभं राहायचं, तळवे पुढच्या पट्ट्यांवर ठेवायचे, अर्धा मिनिट हलायचं नाही. अंगातून अगदी बारीक वीज जाते, मुंगीही चावत नाही. ती काय मोजते हे तिथल्या मुलीने सांगितलं, पण मला कळलं ते माझ्या पद्धतीने. २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी आमच्या गल्ल्यांत शिरलं होतं. पेशी म्हणजे दार लावलेली घरं. कमी फ्रीक्वेन्सीची वीज घरात शिरू शकत नाही, गल्ल्यांतूनच फिरते. जास्त फ्रीक्वेन्सीची घरांतूनही आरपार जाते. गल्ल्यांत पाणी जास्त असेल तर पहिलीला वाट सोपी होते, अडथळा कमी लागतो. लिम्फएडेमातलं पाणी आधी गल्ल्यांतच साठतं. म्हणून बाहेरून घेर वाढलेला दिसण्याआधी मशीनला पत्ता लागू शकतो.

यातलं नावाजलेलं मशीन ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या इम्पेडिमेड कंपनीचं. ते ३ ते १००० किलोहर्ट्झमधल्या २५६ फ्रीक्वेन्सी तपासतं आणि दोन हातांची तुलना करून एल-डेक्स नावाचा एकच आकडा देतं. उणे १० ते अधिक १० म्हणजे नेहमीचं. पण त्याहून महत्त्वाचं, स्वतःच्या आधीच्या आकड्यापेक्षा तो किती चढला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या 'प्रिव्हेंट' नावाच्या चाचणीत काही बायकांना मशीनवर मोजलं, काहींना टेपने. मशीनवर आकडा साडेसहाने चढला की चार आठवडे, दिवसाला बारा तास हात दाबून धरणारी घट्ट बाही घालायला दिली. मोजणीत सूज सापडून बाही दिलेल्या बायकांपैकी मशीनच्या गटात पुढे ७.९ टक्के बायकांची सूज पक्की झाली, टेपच्या गटात १९.२ टक्के. टेपवर पोट भरणारीने हे कबूल करावं लागतं.

मशीनवर जाताना: त्याआधी व्यायाम, धावपळ नको, मी बस स्टँडवरून चालत गेले तर अर्धा तास बसवून ठेवलं. लघवीला जाऊन या. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, मोबाईल काढून ठेवा. माझी जोडवी वीस वर्षांत निघाली नव्हती, तेल लावून निघाली. कामाचा हात कोणता आणि ऑपरेशन कोणत्या बाजूचं, हे त्यांनी विचारलं नाही तर आपणहून सांगा. ते उलटं भरलं गेलं तर आकडा उलटा येतो. पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा, तेव्हा हे करत नाहीत. आणि जिममधलं चरबी दाखवणारं मशीन दिसायला असंच असलं तरी त्याच्या कागदावरून हाताच्या सुजेचा निर्णय घेऊ नका.

याचीही एक मर्यादा आहे. सूज जुनी झाली की पाण्याच्या जागी चरबी आणि निबर ऊती भरते. तेव्हा हात जाड दिसतो, पण गल्लीत पाणी कमी, म्हणून मशीनचा आकडा भ्रमात टाकतो. तिथे टेपच खरा. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेल्या बाईला तर एका हाताची दुसऱ्याशी तुलनाच चालत नाही. तिचं आधीचं माप हीच तिची जोडी. मशीनवर हाताची तुलना पायाशी करतात.

आणखी दोन यंत्रं मॅडमकडून ऐकली. पेरोमीटर म्हणजे चौकोनी चौकट, तिच्यात इन्फ्रारेड किरणांची जाळी. हात आत धरायचा आणि चौकट मनगटापासून काखेपर्यंत सरकवायची. अडलेल्या किरणांवरून घेर मोजत घनफळ निघतं. कुणाची ओढ कमी-जास्त व्हायचा प्रश्न नाही, पण महाग आणि अवजड. दुसरं लहान आहे, फिनलंडमधल्या डेल्फिन कंपनीचं, कातडीवर टेकवायचं. ते ३०० मेगाहर्ट्झच्या लहरी आत पाठवून त्या जागेतलं पाणी मोजतं. हवेचा आकडा १, निव्वळ पाण्याचा ८० च्या आसपास, कातडीचा मध्ये कुठेतरी. दोन्ही बाजूंच्या त्याच जागी टेकवून एकाला दुसऱ्याने भागतात. याचं खरं मोल कुठे, तर टेप जिथे गुंडाळताच येत नाही तिथे, म्हणजे स्तनाला, काखेखाली, पाठीच्या कडेला. लोशन लावून जाऊ नका, दाबून धरू देऊ नका.

घरी फुकटची एक तपासणी राहिलीच. अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खड्डा राहिला तर आत पाणी आहे. नाही राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका, अगदी सुरुवातीला आणि अगदी जुन्या सुजेतही खड्डा पडत नाही.

किती वेळा मोजायचं? घरी महिन्यातून एकदा, सकाळी, आंघोळीआधी. मी एकदा दिवाळीच्या गर्दीत बारा तास शिलाई मशीन चालवून रात्री मोजलं आणि सगळे ठिपके अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरने वर. सकाळी परत जागेवर. मे महिन्यातही हाताचं माप थोडं वर असतं. रोज मोजलंत तर रोज रडाल. रुग्णालयात किंवा मशीनवर पहिली तीन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. वहीत तारीख, वेळ, वजन, बाही आदल्या दिवशी घातली होती का आणि कुणी मोजलं, हे लिहा.

मागच्या वर्षी एका ठिकाणी नव्या मुलीने मला उभं करून, हात लोंबता ठेवून, मनगटाऐवजी कोपरापासून मोजलं आणि "दोन सेंटिमीटर वाढलंय" म्हणून सांगितलं. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सुनेने खाकी पट्टी लावून मोजलं तर काहीच वाढलं नव्हतं. आता मी पट्टी पर्समध्ये ठेवते आणि सांगते, बाई, याच्यावरून मोज.

हात लाल, गरम, ठणकता झाला, ताप आला, तर टेप शोधत बसू नका. तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. एका-दोन दिवसांत अख्खा हात फुगला आणि दुखायला लागला तरी तसंच, कारण आत रक्ताची गुठळीही असू शकते. आणि आकडा चढला म्हणून औषधाच्या दुकानातून क्रेप बँडेज आणून करकचून बांधू नका. बाहीचा दाब मापावरून ठरवतात, आणि ते काम फिजिओथेरपिस्टचं.

माझा फरक गेल्या दीड वर्षात साडेसातावरून साडेचारावर आलाय, घट्ट बाही आणि व्यायामाने. ब्लाऊज शिवणाऱ्या माझ्या बहिणींसाठी शेवटचं: अशा बाईचं माप घेताना दोन्ही दंड मोजा, वहीत 'उ' आणि 'डा' असे दोन रकाने करा. सुजलेल्या बाजूची बाही तिच्या मापाची वेगळी कापा, आत दीड इंच माया ठेवा म्हणजे उसवून सैल करता येईल, मोहरीला काठाची कडक पट्टी लावू नका. मुंढाही पाव इंच खाली घ्या. बाहेरून दोन्ही बाह्या सारख्याच दिसतात, मी स्वतः घालून बघितलंय.